समुपदेशनातला 'उपदेश' आला कुठून?

आजचा भाग एका शब्दाबद्दल आहे: समुपदेशन. हा शब्द फोडला की त्यातून 'उपदेश' बाहेर पडतो. गंमत बघा, समुपदेशकाला प्रशिक्षणात शिकवतात ते याच्या अगदी उलट: उपदेश करू नका, ऐकून घ्या. तरी कॉलेजातल्या मुलांना 'तिथे गेलं की लेक्चर ऐकावं लागतं' असंच वाटतं. असं का? मला वाटतं, याचं थोडं उत्तर इतिहासात सापडतं.

आधी अमेरिकेत जाऊ. येलचा पदवीधर क्लिफर्ड बीअर्स याने मनोरुग्णालयातल्या स्वतःच्या अनुभवांवर १९०८ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातून तिथे मानसिक आरोग्याची चळवळ उभी राहिली. १९१० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्य सेवा सुरू केली. या प्रकारची ती पहिली मानली जाते. हुशार मुलं भावनिक अडचणींमुळे पदवी न घेताच निघून जात होती, हे लक्षात आलं होतं. म्हणजे तिथे ही सेवा डॉक्टरच्या दाराने आत आली.

इंग्लंडमध्ये आणखी एक दार उघडलं. १९७० मध्ये एसेक्स विद्यापीठात 'नाइटलाइन' सुरू झाली. रात्री फोन उचलणारे विद्यार्थीच. नाव विचारायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, ऐकायचं. ही कल्पना पुढे इतर विद्यापीठांतही पसरली.

आता आपल्याकडे या. आपल्याकडचं दार होतं करिअरचं. १९३८ मध्ये कलकत्ता विद्यापीठात व्यवसाय मार्गदर्शनाचं काम सुरू झालं. १९४१ मध्ये मुंबईत बाटलीबॉय यांचं मार्गदर्शन केंद्र आलं, १९४७ मध्ये पारशी पंचायतीचं. पाटणा विद्यापीठाने चाळीसच्या दशकातच वैयक्तिक समुपदेशनही देऊ केलं होतं, पण एकंदर भर होता तो 'या मुलाने पुढे काय करावं?' यावर. चाचणी घ्या, निकाल बघा, सल्ला द्या. नव्या नोकऱ्या, नवे कोर्सेस येत होते, त्या काळात हे कामाचंच होतं. पण टेबलापलीकडचा माणूस उत्तर देण्यासाठी बसलाय, ही सवय तिथूनच लागली असावी. मी बीटेकला असताना आमचा समुपदेशन कक्ष प्लेसमेंट ऑफिसला लागून होता. रेझ्युमे दाखवायला रांग लागायची. झोप लागत नाही म्हणून कुणी त्या दाराशी थांबलेलं मला आठवत नाही.

शिवाय कायदा आडवा होता. भारतीय दंडविधानाच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, एक वर्षापर्यंत कैद. अशा स्थितीत 'सर, मला जगावंसं वाटत नाही' हे कॉलेजच्या खोलीत कोण बोलणार? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं आता कायदा गृहीत धरतो. उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्कही त्यातच आहे.

पुढचा टप्पा अगदी ताजा. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूनंतर तिचे वडील न्यायालयात गेले. त्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील, तर संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायलाच हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत. तेव्हा हा आदेश लवकर आला असं कुणी म्हणणार नाही.

पण आदेशाने खुर्ची भरते, विश्वास आपोआप येत नाही. म्हणून तुमच्या कॉलेजला तीन प्रश्न विचारा. कक्ष कुठे आहे, सगळ्यांच्या नजरेसमोर की जरा बाजूला? तिथलं बोलणं एचओडीपर्यंत किंवा घरापर्यंत कधी जातं, हे लेखी आहे का? आणि समुपदेशक तुम्हाला मार्क देणारे सरच आहेत का? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली, तर शब्दात उपदेश राहिला तरी खोलीत तो असणार नाही.

आणि हो, आत्ता कुणाशी बोलावंसं वाटत असेल, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. भेटू पुढच्या भागात.