चर्चमधल्या अभंगाची कुळकथा

पिंपरी-चिंचवडच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या उपासनेला पेटी, तबला आणि टाळ निघतात. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडलं जातं आणि अभंग सुरू होतो. कारखान्यातल्या नोकरीसाठी नगर जिल्ह्यातून इकडे आलेल्या कुटुंबांत थोरामोठ्यांना हे अभंग तोंडपाठ असतात. नवख्याला वाटतं, चाल वारकऱ्यांची आणि शब्द मिशनऱ्यांचे. या अभंगाचं कूळ त्याहून जुनं आहे आणि ते एका वादात सापडतं: देव माणसाला जवळ करतो तो त्याने पाळलेले नियम मोजून, की निव्वळ कृपेने?

हा वाद पेटला पंगतीवरून. पहिल्या शतकात अंत्युखियात यहुदी आणि बिगरयहुदी ख्रिस्ती एकत्र जेवत. येशूचा शिष्य पेत्रही त्यांच्यात बसायचा. यरुशलेमकडची कर्मठ मंडळी आली, तसा तो भिऊन बाजूला सरकला. प्रेषित पौलाने त्याला सगळ्यांदेखत खडसावलं. यहुदी नियमशास्त्र पाळूनच माणूस देवापुढे निर्दोष ठरत असेल, तर ख्रिस्ताचं मरण व्यर्थ गेलं, हा त्याचा मुद्दा होता. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात त्याने हा प्रसंग स्वतःच सांगितला आहे.

महाराष्ट्राला पंगतीचे नियम समजावून सांगायला नकोत. ज्यांनी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं आहे, ते त्यांच्या वडिलांना विसरणार नाहीत. १८५७च्या धामधुमीत सासरे फासावर गेले आणि त्या धक्क्यानंतर या माणसाला सोवळ्याने पुरतं ग्रासलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, अगदी मीठसुद्धा. धुताना मीठ विरघळायचं, विटाळाची भीती मात्र तशीच राहायची. त्यापायी घरातल्या बायकामुलांचे हाल होत. नियम जितका काटेकोर, तितकं मन अधिक धास्तावलेलं. पौलाने नियमाच्या ज्या गुलामीबद्दल लिहिलं, ती नाशिकजवळच्या या घरात अशी नांदत होती.

या धास्तीवरचा उतारा मराठीत होता, आणि तोही पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर, देहूला. तुकोबांना वेदाचा अधिकार नव्हता. त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, असं परंपरा सांगते. देवापुढे उभं राहताना तुकोबा पुण्याचा हिशेब मांडत नाहीत. आपण पतित आहोत हे कबूल करतात आणि तारण्याची जबाबदारी विठ्ठलावर टाकतात. अभंगाला हा स्वभाव तिथेच मिळाला.

तो चर्चमध्ये नेला नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९). टिळक कोकणातल्या करजगावचे, चित्पावन ब्राह्मण. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. ख्रिस्ताच्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये बरीच वर्षं घालवली. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत.

ख्रिस्ताची कथा मराठी छंदात त्याआधीही आली होती. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, ते ओवीत. नगर भागात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. पण मिशनच्या उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी गीतंही बरीच होती आणि त्यांत शब्द अडखळत. मोठ्या अभंगाचं माप साधं: सहा, सहा, सहा अक्षरं आणि शेवटी चार, दुसऱ्या-तिसऱ्या खंडाला यमक. निरक्षर माणसालाही दोनदा ऐकून तो म्हणता येतो. त्याला ना पुरोहित लागतो, ना पोथीचा अधिकार. कृपा सांगायला असाच छंद हवा होता. टिळकांनी नाममुद्राही तशीच घेतली: ‘दास’. पदवी नाही, कूळ नाही, केलेल्या व्रतांची यादी नाही. तुकोबांहून टिळकांचं वेगळेपण इतकंच, की तारणाऱ्याचा हात त्यांना क्रुसावर दिसला; पापाची किंमत देवाने स्वतः भरली, असं त्यांना कळलं.

नुसता धर्म बदलून माणूस नियमाच्या गुलामीतून सुटत नाही, हे पंडिता रमाबाईंनी अनुभवलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९०७च्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितलं, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र कितीतरी वर्षांनी भेटला. लक्ष्मीबाईंची वाट याच्या उलट. ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याकडे, म्हणजे नारायण टिळकांकडे, परतल्यावरही त्यांनी आपलं पाणी, आपली चूल वेगळी ठेवली होती. मग विचार करता करता त्यांना पटलं, की जात माणसाने केली, देवाने नव्हे. आणि कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. मंडळीत नाव लागण्याआधीच कृपेने त्यांचा विटाळ संपवला होता.

कृपा म्हणजे पापाला मोकळं रान, हा अर्थ पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच खोडून काढला आहे. माफी मिळालेला माणूस नीट वागतो, पण शिक्षेच्या भीतीने नव्हे, उपकाराच्या जाणिवेने. म्हणून हे अभंग सुरात म्हटले की भागलं, असं होत नाही. ज्या घरात टिळकांचे अभंग पाठ आहेत आणि तरीही सोयरीक जुळवताना जात विचारली जाते, त्या घरात कृपा अजून ऐकलीच गेलेली नाही.