धावजी, मिस्टर स्विफ्ट आणि एक छोटा कुत्रा

परवा नातू सुट्टीला आला होता. दुपारी जरा डोळा लागतोय तोच बाहेरच्या खोलीतून खो-खो हसण्याचा आवाज. जाऊन पाहते तो स्वारी पालथी पडून चित्रांचं पुस्तक वाचतेय. ॲस्टेरिक्स, इंग्रजीतलं. "आजी, या कुत्र्याचं नाव बघ, डॉगमॅटिक्स!" म्हणून पुन्हा हसू लागला.

मी जन्मभर मराठी शिकवलं, अधूनमधून इंग्रजीचेही तास घेतले. तेव्हा डॉग कळला, आणि डॉगमॅटिक म्हणजे आपलंच खरं करणारा, हेही ठाऊक होतं. वाटलं, लेखक कुणी इंग्रज असावा. पहिलं पान उघडलं तर पुस्तक मूळ फ्रेंच! मग हा डॉग त्यात आला कुठून? एवढीशी शंका घेऊन चार दिवस शोधत बसले, आणि त्यातून माझीच एक जुनी चूक वर आली.

ॲस्टेरिक्सचा जन्म २९ ऑक्टोबर १९५९ चा, 'पिलोत' या फ्रेंच साप्ताहिकाच्या पहिल्या अंकातला. लेखक रने गोसिनी, चित्रकार अल्बेर उदेर्झो. इसवी सनापूर्वी ५० साली रोमन लोकांनी सगळा गॉल देश, म्हणजे आजचा फ्रान्स, जिंकला आहे. फक्त एक लहानसं गाव जादूच्या काढ्याच्या जोरावर त्यांना दाद देत नाही. सीझरशी लढलेला गॉल सरदार व्हर्सिंगेटोरिक्स, त्याच्यावरून गावातल्या पुरुषांच्या नावांना 'इक्स' हे शेपूट. आणि बहुतेक प्रत्येक नावात एक कोटी लपवलेली.

इंग्रजीत आणायचा पहिला प्रयत्न १९६३ चा. 'व्हॅलियंट' नावाच्या मुलांच्या साप्ताहिकाने ॲस्टेरिक्स आणि ओबेलिक्सचे केले लिटल फ्रेड आणि बिग एड, आणि गॉल लोकांना चक्क प्राचीन ब्रिटन करून टाकलं! १९६५-६६ मध्ये 'रेंजर' साप्ताहिकानेही त्यांना ब्रिटनच केलं. दोन्ही प्रयोग टिकले नाहीत.

मग १९६९ मध्ये ब्रॉकहॅम्प्टन प्रेसने पहिलं पुस्तक काढलं. भाषांतरकार दोघं, अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज. हॉक्रिज फ्रेंचचे अध्यापक, फ्रान्समधले संदर्भ आणि खाचाखोचा जाणणारे. बेलबाईंचे वडील ॲड्रियन बेल म्हणजे 'द टाइम्स' दैनिकाचं पहिलं शब्दकोडं १९३० साली रचणारे गृहस्थ. शब्दांशी खेळणं घरातूनच आलेलं!

या दोघांनी गाव हलवलं नाही, गॉल गॉलच राहिले. नावं मात्र बदलली. कुत्र्याचं फ्रेंच नाव इदेफिक्स, म्हणजे डोक्यात एकच कल्पना घट्ट बसलेला. त्याचा डॉगमॅटिक्स झाला. हट्टीपणा राहिला, 'इक्स' राहिलं आणि वर कुत्राही आला, जो मूळ नावात नव्हता! बेसूर गाणाऱ्या भाटाचं मूळ नाव सर्व धोक्यांपासून संरक्षण देणाऱ्या विम्यावरून आहे. इंग्रजीत तो कॅकोफोनिक्स, म्हणजे कर्कश. आणि गावातले सर्वांत वयोवृद्ध आजोबा झाले जेरिॲट्रिक्स. त्यांच्याविषयी मला आता विशेष जिव्हाळा वाटू लागला आहे.

हे काम गोष्टीच्या भाषांतराहून अवघड. चित्र आधीच काढलेलं, त्यात पात्र हसतंय म्हणजे विनोद तिथेच हवा. फुग्यात जेवढी जागा, तेवढेच शब्द. एखादी कोटी इंग्रजीत होतच नसेल तर हे दोघं तिची भरपाई दुसऱ्या जागी नवी कोटी करून करत. १९६६ च्या फ्रेंच पुस्तकात ॲस्टेरिक्स ब्रिटनला जातो. तिथले लोक बोलतात फ्रेंच, पण वाक्यं इंग्रजी वळणाची, विशेषण नको तिथे ठेवलेलं. ही गंमत इंग्रजीत आणणार कशी? तिथे तर सगळेच इंग्रजी बोलणार! बेल-हॉक्रिजनी ब्रिटनांच्या तोंडी जुन्या वळणाच्या उच्चभ्रू साहेबांची ऐटबाज इंग्रजी घातली. शब्द गेले, हसू राहिलं. गोसिनी काही वर्षं न्यूयॉर्कला राहिलेले, त्यांना इंग्रजी चांगलं येत होतं. त्यांना ही भाषांतरं पसंत होती.

आता माझी चूक. खूप वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला एक विनोदी उतारा इंग्रजीत करायला दिला होता. त्यात एक आळशी गडी, नाव धावजी, कधीही न धावणारा. एका मुलाने त्याचं केलं 'मिस्टर स्विफ्ट'. मी लाल शाईने काट मारली आणि वर शेरा लिहिला, 'विशेषनामांचे भाषांतर करू नये.' गुणही कापले. बाकी चाळीस वह्यांत धावजी धावजीच होता, आणि इंग्रजी वाचणाऱ्या एकालाही त्यात हसू आलं नसतं. मुलगा काही बोलला नाही. वही घेऊन जागेवर बसला. पुढे त्याने तसं काही लिहिल्याचं मला आठवत नाही, हेच जास्त लागतं.

मुळाशी इमान म्हणजे शब्दाशी इमान, असंच आम्ही बीएला शिकलो आणि तसंच शिकवलं. पण इमान दोन्हीकडून मोडतं. धावजी तसाच ठेवला तर विनोद मरतो. आणि लिटल फ्रेड केला तर समोर सीझर असूनही गाव भलत्या देशात जातं. तुम्ही म्हणाल, पु.लं.नी १९७५ मध्ये शॉचं 'पिग्मॅलियन' महाराष्ट्रात आणून 'ती फुलराणी' केलीच की! केली, पण सगळंच इथलं केलं, आणि रंगमंचावर आधीपासून काढलेली चित्रं नव्हती.

हॉक्रिज २०१३ मध्ये गेले, बेलबाई २०१८ मध्ये, उदेर्झो २०२० मध्ये. गोसिनी तर १९७७ मध्येच गेले होते. पण माझ्या बाहेरच्या खोलीत एक मुलगा पोट धरून हसला ना!

असो. जाताना नातू पुस्तक इथेच ठेवून गेलाय, "आजी, तू मराठीत कर" म्हणून. कुत्र्यापाशीच अडले आहे. 'एककल्लिक्स' सुचलं. अर्थ आला, पण कुत्रा नाही आला. तुम्हाला काही सुचलं तर कळवा. लाल शाई वापरणार नाही, शब्द देते.