ज्ञानदान आणि कन्या : उच्च शिक्षणाच्या वाटेचा इतिहास

सुवर्णमहोत्सव हा जसा कृतज्ञतेचा प्रसंग असतो, तसाच तो ताळेबंद मांडण्याचाही असतो. पन्नास वर्षांच्या वाटचालीत आपल्या ट्रस्टने आहार, औषध, ज्ञान व अभय या चारही दानांची परंपरा जपली आहे. त्यांपैकी ज्ञानदानाचा, आणि त्यातही कन्यांच्या उच्च शिक्षणाचा इतिहास समाजबांधवांपुढे थोडक्यात ठेवीत आहे.

आपल्या पुराणांत या इतिहासाचा आरंभ भगवान ऋषभदेवांपासून होतो. त्यांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकविली, ही कथा आपण पाठशाळेत ऐकलेली आहे. भगवान महावीरांच्या संघात मुनी १४,००० होते, तर चंदनबालेच्या नेतृत्वाखालील साध्वी ३६,००० होत्या. स्त्रीच्या ज्ञानाधिकाराविषयी आपल्या परंपरेला कधी शंका नव्हती. व्यवहारात मात्र हा अधिकार टिकला नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याची पहिली स्त्री पदवीधर होण्याचा मान कॉर्नेलिया सोराबजी यांना मिळाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील या विद्यार्थिनीने उत्कृष्ट गुण मिळविले. परंतु त्या गुणांवर इंग्लंडला जाण्यासाठी मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारण्यात आली. पुढे हितचिंतकांनी निधी जमविला, तेव्हा १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. परंतु ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० साली आरंभ केला, आणि कॉर्नेलियाबाईंच्या हाती पदवी पडली ती १९२२ मध्ये. परीक्षा आणि पदवी यांत तीस वर्षांचे अंतर पडले!

आपल्या महाराष्ट्रात महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा महाविद्यालयात अवघ्या ५ विद्यार्थिनी होत्या. पदव्यांना सरकारी मान्यता नव्हती आणि खर्च भागविण्यासाठी अण्णासाहेबांना गावोगावी फिरून वर्गणी गोळा करावी लागे. अशा वेळी मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. कापडाच्या धंद्यात मिळविलेले धन आईच्या नावे मुलींच्या विद्येसाठी लागले, याचा आम्हा कापड व्यापाऱ्यांना सार्थ अभिमान वाटावा. पुढे १९५१ मध्ये या विद्यापीठास वैधानिक दर्जा मिळाला.

आपल्या समाजातील उदाहरणही तितकेच उज्ज्वल आहे. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी शिकणाऱ्या जैन मुलांसाठी ठिकठिकाणी बोर्डिंगे निघावीत म्हणून सढळ हाताने साहाय्य केले. तरुण वयात वैधव्य आलेली त्यांची कन्या मगनबाई हिने पित्याच्या पाठिंब्याने विद्या संपादन केली व मुंबईत श्राविकाश्रम स्थापन केला. तेथे विधवा व निराधार भगिनींच्या राहण्याची आणि शिकण्याची एकत्र सोय झाली. उपदेशाने मन तयार होते, परंतु शिक्षण पुरे व्हायला निवाराही लागतो, हे मगनबाईंनी ओळखले होते.

येथे स्वतःच्या घरातील एक गोष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते. माझी थोरली बहीण अकरावीची मॅट्रिक चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. वडिलांच्या दुकानाचा जमाखर्च ती माझ्याहून अचूक लिहीत असे. गावात कॉलेज नव्हते. पुढे मी जिल्ह्याच्या ठिकाणी समाजाच्या बोर्डिंगात राहून बी. कॉम. झालो. तेथे मुलींना प्रवेश नव्हता. ताईच्या शिक्षणास वडिलांचा विरोध नव्हता, "पण ती राहणार कुठे?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याला कोणाकडे उत्तर नव्हते, आणि ते शोधावे असे त्या वेळी माझ्याही मनात आले नाही. सुंदरीची कथा आम्ही दोघांनी एकाच पाठशाळेत ऐकली होती. अंकविद्येची पदवी मात्र एकट्या मला मिळाली.

आज चित्र पुष्कळ पालटले आहे. केंद्र सरकारच्या २०२१–२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातील ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली आहेत. अध्यापकांत मात्र स्त्रियांचे प्रमाण अद्याप सुमारे ४३ टक्केच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४–२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत पात्र प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. म्हणजे फीची अडचण अनेकींपुरती दूर झाली. परगावी सुरक्षित निवास आणि सात्त्विक भोजन यांचा प्रश्न उरतोच, आणि तेवढ्यासाठी आजही काही घरांत मुलीचे पुढचे शिक्षण थांबते.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे, की सुवर्णमहोत्सवी निधीतून पहिला संकल्प कन्या वसतिगृहाचा व्हावा, आणि शिष्यवृत्तीच्या यादीत मुलगा-मुलगी असा भेद न राहता गुण व गरज एवढेच पाहिले जावे. आपल्या समाजातील कोणत्याही पित्याला "ती राहणार कुठे?" असे पुन्हा विचारावे लागू नये.

लिहिण्यात जिनवचनाच्या विरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!