वास नसलेला वायू: हॉल्डेन ते भिलाई

12 जून 2014 रोजी रायपूरच्या पश्चिमेस सुमारे 30 किलोमीटरवर असलेल्या भिलाई पोलाद कारखान्यात विषारी वायूमुळे सहा जणांचा मृत्यू झाला. मृतांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. दुर्घटना भट्टीजवळ नव्हे, पाण्याच्या पंपगृहात घडली. जलवाहिनी फुटून पाण्याचा दाब घसरला आणि झोतभट्टीचा वायू धुणाऱ्या यंत्रणेतून तो वायू पाण्याच्याच वाटेने उलटा आत शिरला.

भिलाईची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टीत कोकपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तोच लोहखनिजातील ऑक्सिजन काढून घेतो. बाहेर पडणाऱ्या वायूतही त्याचे प्रमाण साधारणपणे 20 टक्क्यांहून अधिक असते. हा वायू इंधन म्हणून उपयोगी असल्याने तो नळांतून कारखानाभर खेळवला जातो.

त्याचे विष ओळखण्यास विज्ञानाला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात क्लोद बर्नार यांनी तो रक्तातील ऑक्सिजनची जागा घेतो हे दाखवले. 1895 मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी तो स्वतः हुंगून आपल्या रक्ताची तपासणी केली. हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले, की कोळसा खाणींतील स्फोटांनंतर बहुसंख्य कामगार स्फोटाने नव्हे, या वायूने दगावतात. खाणीत उंदीर व कॅनरी पक्षी नेण्याची प्रथा त्यातूनच रूढ झाली, कारण लहान प्राण्यांवर परिणाम लवकर दिसतो.

या वायूला रंग नाही, वासही नाही. डोकेदुखी, चक्कर, गोंधळलेपणा ही लक्षणे उन्हाच्या त्रासासारखी भासतात आणि पुढे पायांतील बळच जाते. वाचलेल्यांतही काहींना आठवड्यांनंतर स्मृतिभ्रंश किंवा हालचालींतील दोष जाणवतात.

भोपाळनंतर, 1987 मध्ये, कारखाने अधिनियमात हवेतील विषारी द्रव्यांच्या मर्यादा समाविष्ट झाल्या. त्यात कार्बन मोनॉक्साइडसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा दशलक्ष भागांत 50 भाग होती. झोतभट्टीच्या वायूत तो याच्या सुमारे चार हजार पट असतो. म्हणून वायुशोधक यंत्रे केवळ वायूच्या नळांपाशी बसवून भागत नाही. दाब कोसळल्यास वायू कोणत्या वाटेने परतेल, हा प्रश्न आराखड्यातच सोडवावा लागतो.