बालयकृतविकार, पितळी भांडे आणि बालपचनविकारशास्त्राची जडणघडण

भारतात बालरोगशास्त्राला स्वतंत्र शाखेचे स्थान उशिरा प्राप्त झाले. परळ येथील बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ मध्ये सुरू झाले व तेथे डॉ. जॉर्ज कोएल्हो यांनी या शाखेचा पाया घातला. १९६३ मध्ये दोन जुन्या संघटनांच्या विलीनीकरणातून ‘इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ स्थापन झाली. तिचे मध्यवर्ती कार्यालय आता नवी मुंबईत नेरूळ येथे आहे. बालरोगातील एम.डी. नंतर तीन वर्षांच्या डी.एम. अभ्यासक्रमात आज बालकांची पचनसंस्था, यकृत व पोषण हे विषय एकत्रच शिकविले जातात. ही सांगड केवळ सोयीची नव्हे. तिचे मर्म महाराष्ट्रातील एका व्याधीच्या इतिहासातून उलगडते.

सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांचे यकृत वाढून दगडासारखे कठीण होणे, पोट फुगणे, कावीळ आणि काही महिन्यांत मृत्यू, असा ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ या विकाराचा क्रम असे. एकाच घरातील एकामागून एक भावंडे दगावत. साहजिकच आनुवंशिकतेवर संशय घेतला जाई. घरोघरी दृष्ट व दैव यांना बोल लावला जाई, हे वेगळे सांगणे नको.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुग्णांच्या यकृतात तांब्याचा मोठा संचय आढळला. हे तांबे येते कोठून, हा प्रश्न पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी हाती घेतला. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी जे कारण सुचविले ते स्वयंपाकघरातले होते. आईचे दूध लवकर तुटलेल्या बाळास गाईम्हशीचे दूध दिले जाई आणि ते तांब्यापितळेच्या भांड्यात तापविले वा साठविले जाई. दुधातील केसीन हे प्रथिन तांबे घट्ट धरून ठेवते. म्हणून भांड्यातले तांबे दुधाबरोबर बाळाच्या पोटात जाई. कल्हई असलेल्या भांड्यात कथिलाचा थर आड येतो. कल्हई उडाली की धोका सुरू होतो. १९८७ मध्ये रुग्ण व निरोगी मुलांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी शरीरातील तांबे बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइन या औषधाच्या चाचण्यांचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले. औषध लवकर सुरू केल्यास काही मुले वाचत.

येथे वैद्यकशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, निदान सूक्ष्मदर्शकाखाली होत असले तरी प्रतिबंधाची वाट ‘बाळाला दूध कशात तापवून देता?’ या साध्या प्रश्नातून सापडली. हा प्रश्न विचारण्यास यकृततज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ एकाच व्यक्तीत असावे लागतात.

तथापि हा सिद्धान्त निर्विवाद राहिला नाही. भांडी बदलली आणि १९९० च्या दशकात रोग जवळजवळ दिसेनासा झाला, हे त्याच्या बाजूचे सबळ प्रमाण होय. ऑस्ट्रियातील टायरॉल प्रांतातही १९०० ते १९७४ या काळातील अशाच १३८ बालरुग्णांची नोंद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली; तेथेही दूध तांब्याच्या भांड्यात तापविले जाई व आनुवंशिक प्रवणतेचीही चिन्हे होती. उलट, डॉ. एन. सी. नायक व डॉ. अरुण चितळे यांनी २०१३ मध्ये तांबे हे मूळ कारण मानण्यास हरकत घेतली. वाद मिटविण्यास आता नवे रुग्णच फारसे उरलेले नाहीत.