दंडकारण्यातील निर्वासितांच्या शाळा

१९४६ साली परमपूज्य बाबासाहेब संविधान सभेवर गेले ते बंगालमधून. जोगेंद्रनाथ मंडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पण मंडल ज्या नमःशूद्र समाजाचे, त्या समाजाचं पुढं काय झालं, याविषयी आपल्या घरांत फारसं बोललं जात नाही. म्हणून ही हकिगत आम्ही येथे देत आहोत.

फाळणीत त्यांची गावं पूर्व पाकिस्तानात गेली. पुढच्या वर्षांत हजारो कुटुंबं निर्वासित होऊन भारतात आली. सरकारने १९५८ मध्ये दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन केलं आणि ओरिसातील मलकानगिरी, उमरकोट तसंच बस्तरमधील परलकोट, कोंडागाव या जंगलपट्ट्यांत त्यांना वसवलं. गावांना नावाऐवजी नंबर मिळाले: मलकानगिरीत एम.व्ही., परलकोटात पी.व्ही. आपल्या गडचिरोलीतही चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली वसाहती झाल्या.

या लोकांपाशी भांडीकुंडी थोडी, पण शाळेची ओढ जुनी. गुरुचांद ठाकूर यांनी ओराकांदीत शाळा काढून समाजाला शिक्षणाची वाट दाखवली होती. त्यामुळे जंगलातल्या नव्या गावांत जमीन, विहीर यांच्या जोडीला शाळाही आली. सुरुवातीला पोरं बंगालीत शिकली. पुढं राज्यांच्या शाळांत उडिया, हिंदी शिकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. घरी एक भाषा, फळ्यावर दुसरी.

पण हे जंगल काही रिकामं नव्हतं. ते कोया, गोंड आदिवासींचं. तोडलेल्या जंगलातली काही जमीन त्यांच्यासाठी राखली गेली, तरी योजनेचा रोख निर्वासितांवरच होता. आणि शाळा बंगालीत असो की उडियात, कोया-गोंडी बोलणाऱ्या पोराला दोन्ही परक्याच! एका उपेक्षिताला शाळा मिळाली, पण शेजारच्या उपेक्षिताला त्याच्या बोलीत कोणी शिकवलं नाही. हेही आपण विसरता कामा नये.

१९७८ मध्ये हजारो निर्वासित दंडकारण्य सोडून सुंदरबनातील मरीचझापी बेटावर गेले. सरकारी मदत नसताना तिथंही त्यांनी स्वतःच्या श्रमाने शाळा उभारली. जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी झाली, मे महिन्यात त्यांना हुसकावण्यात आलं. कित्येकांचे प्राण गेले. वाचलेल्यांपैकी बरेच पुन्हा दंडकारण्यात परतले.

आणखी एक गोष्ट बघा. नमःशूद्र हे पश्चिम बंगाल व ओडिशात अनुसूचित जातींच्या यादीत आहेत, छत्तीसगड आणि महाराष्ट्रात नाहीत. त्यामुळे मलकानगिरीतल्या मुलाला जी शिष्यवृत्ती मिळते, ती परलकोट किंवा चामोर्शीतल्या त्याच्या भावंडाला मिळत नाही. सीमा ओलांडली की दाखला बदलतो. धम्म स्वीकारल्यावर केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबलेल्या आपल्या पिढीला हे दुखणं समजावून सांगायला नको.

ज्यांच्या आजोबांनी बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवलं, त्यांची नातवंडं आपल्याच जिल्ह्यांत त्या संविधानातील हक्कासाठी अर्ज करत आहेत. एवढं तरी आपल्या मुलांना माहीत असावं.