हैदराबादचे पाच चषक

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं, भाषणं होतात. त्या भाषणांत एक नाव हमखास येतं: कासिम रझवी. लातूरला वकिली करणारा हा माणूस रझाकारांचा म्होरक्या झाला आणि निजामाच्या राजवटीची शेवटची दोन वर्षं त्याच्याच नावाने ओळखली गेली. शाळेत असताना हे नाव आलं की वर्गातली दोन-चार डोकी वळून आमच्या बाकाकडे बघायची. त्यांच्या मनात वाईट असेलच असं नाही. आमची मान मात्र आपोआप खाली जायची.

२०२४च्या ईदला अजय देवगणचा 'मैदान' आला. फुटबॉलचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावरचा सिनेमा. तो बघून आल्यावर घरातल्या एका पोराने विचारलं, "मामू, ये रहीम साब किधर के?" मी म्हणालो, "अपनेच स्टेट के." त्याला पटेना. त्याच्या लेखी हैदराबाद म्हणजे तेलंगणा, म्हणजे परराज्य. तिथला माणूस 'अपना' कसा?

त्याचं चूक नाही. पण १९५६पर्यंत मुदखेड हैदराबाद राज्यात होतं. आमच्या जंक्शनवरून एक रूळ नांदेड-परभणीवरून मनमाडला जातो, तिथून पुढे मुंबई. दुसरा निजामाबादवरून सिकंदराबादला, तिसरा आदिलाबादला. निजामाच्या काळात टाकलेल्या या रुळांवरून इथली माणसं कोर्टकचेरीला, शिक्षणाला आणि मोठ्या दवाखान्याला हैदराबादकडे जायची. मुंबई हा परका मुलूख होता. म्हणजे रझवी जसा आमच्या राज्यातला, तसेच रहीमही आमच्याच राज्यातले. दोघेही सय्यद, दोघेही शिकलेले, दोघांच्याही मागे माणसं चालली. आमच्या वाट्याला इतिहासातून एकच आला.

आमच्या घरांमध्ये म्हातारी माणसं अजून वय 'ॲक्शन'वरून सांगतात. ॲक्शनच्या आधीचा जन्म, ॲक्शननंतरचं लग्न. सप्टेंबर १९४८मध्ये भारतीय लष्कराने पाच दिवसांत संस्थान ताब्यात घेतलं. कारवाई लष्कराची, नाव पोलीस ॲक्शन. त्याआधी रझाकारांनी गावोगावी जे अत्याचार केले ते खरेच आहेत, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. त्यांनी मुसलमानांनाही सोडलं नाही. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाह खान भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहायचे, म्हणून ऑगस्ट १९४८मध्ये त्यांचा खून झाला. आणि ॲक्शननंतर जे घडलं तेही खरं आहे. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने राज्यभरात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला आणि सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होतं. हा अहवाल लोकांसमोर आला २०१३ साली.

हे सगळं आठवल्याशिवाय १९५० सालच्या एका चषकाचं मोल कळत नाही.

मुंबईचा रोव्हर्स कप १८९१पासूनचा. इंग्रजांनी सुरू केलेला, आणि पहिली पंचेचाळीसेक वर्षं इंग्रजी पलटणींनीच जिंकलेला. १९३७मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो उचलला. रोव्हर्स जिंकणारा हा पहिला हिंदी संघ. तिकडे कलकत्त्यात मोहम्मडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी लागोपाठ पाच वर्षं लीग जिंकली आणि १९४०मध्ये ड्युरंड कप जिंकणारा पहिला हिंदी संघ होण्याचा मान मिळवला. या संघांची नावंच अशी होती की त्यांच्या विजयाला त्या काळच्या राजकारणाचा रंग चढला. कधी त्यांच्या चाहत्यांनी चढवला, कधी विरोधकांनी.

हैदराबाद सिटी पोलीसच्या नावात जात-धर्म नव्हता. संघात अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, जमाल, मोईन, लाईक होते, तसेच सुसय आणि अँथनीही होते. बहुतेक खेळाडू मुसलमान, हे खरं. १९४८ नंतर जेमतेम दोन वर्षांनी ही पोरं मुंबईला कूपरेजवर खेळायला उतरली. ती जिथून आली त्या शहराची गादी गेली होती, जहागिरी गेल्या होत्या, उर्दूतून चालणारा कारभार बदलत होता. नोकऱ्या गेल्या म्हणून कितीतरी कुटुंबं कराचीची वाट धरत होती. अशा वेळी या संघाने १९५०चा रोव्हर्स कप जिंकला. मग १९५१चा. मग १९५२, १९५३, १९५४. लागोपाठ पाच. त्याआधीच्या साठ वर्षांत हे कोणत्याही पलटणीला जमलं नव्हतं, आणि नंतर कप चालू असेपर्यंत कुणालाच जमलं नाही. १९५०मध्येच ड्युरंडच्या अंतिम सामन्यात मोहन बागानशी बरोबरी झाली; सामना पुन्हा खेळवला गेला आणि तोही हैदराबादने मारला. पुढे १९५४ आणि १९५७चा ड्युरंडही त्यांचाच.

रहीम या संघाचे प्रशिक्षक. मूळचे शाळामास्तर, आणि १९४०च्या दशकापासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव. त्यांची शिकवण्याची रीत मास्तरकीचीच होती. एकट्याने चेंडू घेऊन पळायचं नाही अशा अटीवर ते स्पर्धा भरवत. कधी फक्त कमजोर पायानेच खेळायचं. उजव्या पायाच्या पोराला महिनाभर डाव्या पायावर ठेवलं की काय होतं ते मैदानावर दिसायचं. चेंडू जमिनीलगत, छोट्या पासने, एका स्पर्शात पुढे. तेव्हा आपल्याकडे अनवाणी खेळायची पद्धत होती. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये थंडीत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्ल्यावर बूट आले. रहीमनी तो मारही विद्यार्थ्याच्या नजरेने पाहिला असावा, कारण चार वर्षांनी मेलबर्नला त्यांचाच संघ ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत होता. ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवताना मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. त्या संघात हैदराबादी खेळाडूंचा भरणा होता. १९५१ आणि १९६२ची एशियाडची सुवर्णपदकंही रहीम यांच्याच हाताखालची. जकार्ताहून ते परतले तेव्हा कॅन्सरने घेरले होते. जून १९६३मध्ये गेले.

आता थोडं इटलीकडे. विजेत्यांचा हिशेब कसा ठेवावा हे त्या लोकांकडून शिकावं. जो संघ इटलीची लीग जिंकतो तो पुढचं वर्षभर छातीवर तिरंगी ढाल लावून खेळतो, तिला ते 'स्कुदेत्तो' म्हणतात. दहा वेळा जिंकलं की सोनेरी तारा. यादी १८९८पासूनची आहे. त्या पहिल्या वर्षी चार संघांनी तुरीनला एकाच दिवसात स्पर्धा उरकली आणि जेनोआ जिंकलं. १९२७ आणि २००५ची विजेतेपदं गैरप्रकारांमुळे काढून घेतली गेली, तर त्या जागा तशाच रिकाम्या ठेवल्या आहेत. युव्हेंटसने १९३१ ते १९३५ अशी सलग पाच वर्षं लीग जिंकली. तेव्हा सत्तेवर मुसोलिनी होता. म्हणून त्या पाच वर्षांचं खातं कुणी मुसोलिनीच्या नावावर मांडत नाही. ते युव्हेंटसचं खातं आहे.

आणि एक किस्सा तर आमच्या पोलिसांना अगदीच जवळचा. १९४४मध्ये युद्ध पेटलेलं असताना उत्तर इटलीत स्पर्धा झाली. ला स्पेझिया या बंदरातल्या अग्निशमन दलाच्या संघाने, म्हणजे चक्क बंबवाल्यांनी, त्या काळातल्या सर्वात ताकदवान तोरिनोला २-१ हरवलं. युद्धातली स्पर्धा म्हणून ती यादीत धरली नव्हती. २००२मध्ये, अठ्ठावन्न वर्षांनी, इटलीच्या फुटबॉल महासंघाने त्या विजयाला मानाची मान्यता दिली आणि स्पेझियाचे खेळाडू आज त्याचं चिन्ह शर्टावर लावतात.

हिशेब तिथेही विसरला जातो, नाही असं नाही. आर्पाद वाइस नावाचा हंगेरीचा ज्यू प्रशिक्षक. मिलानच्या संघाला त्याने १९३०मध्ये विजेता केलं, बोलोन्याला १९३६ आणि १९३७मध्ये. १९३८च्या वंशभेदी कायद्यांनी त्याला देशाबाहेर काढलं. बायको आणि दोन मुलं आउशवित्झला मारली गेली, १९४४च्या जानेवारीत तोही तिथेच संपला. तीन स्कुदेत्तोंचा हा माणूस साठ वर्षं कुणाला आठवत नव्हता. एका इटालियन पत्रकाराने कागदपत्रं धुंडाळून त्याच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे बोलोन्याच्या स्टेडियमवर त्याचं नाव लागलं.

आमच्याकडे ढाल लावायला शर्टच उरला नाही. रोव्हर्स कप २००१नंतर बंद पडला. सिटी पोलीसचा आंध्र पोलीस झाला, त्यानेही पुढे रोव्हर्स जिंकला, मग हळूहळू तोही मागे पडला. आणि ज्या राज्याचा हा संघ, ते राज्य १ नोव्हेंबर १९५६ला तीन ठिकाणी वाटलं गेलं. तेलंगणा आंध्रात, बीदर-गुलबर्गा म्हैसुरात, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात. मराठी माणसांची ती मागणीच होती, आणि रास्त होती. पण वाटणीत जमीन-महसुलाची दप्तरं आली, चषक हैदराबादेत राहिले. तेलंगणात रहीम यांच्या आठवणी निघतात. आमच्याकडे रझवी तेवढा राहिला, कारण तो भाषणाला लागतो.

वाटणी झाली तरी फुटबॉलमध्ये हैदराबाद हे नाव आणखी काही वर्षं चाललं. राज्याराज्यांच्या संतोष ट्रॉफीत १९५६–५७ आणि १९५७–५८ अशी लागोपाठ दोन वर्षं हैदराबाद विजेतं ठरलं. दोन्ही वेळी अंतिम सामन्यात समोर होती मुंबई. दुसरा सामना तर हैदराबादेतच झाला. तोवर मुदखेडच्या सरकारी कचेरीवरची पाटी बदलून वर्ष उलटलं होतं. सरकारी कागदांप्रमाणे आम्ही त्या दिवशी हरलो. पोराला हे सांगितलं, तर त्याने विचारलं, "फिर अपने लोगां किसके तरफ थे?" मला सांगता आलं नाही. ज्यांना विचारायचं ती पिढी आता कब्रस्तानात आहे, आणि जिवंत असताना आम्ही त्यांना फक्त ॲक्शनबद्दल विचारलं.